मृतांचा खरा सन्मान

थोर माणसें निवर्तलीं म्हणजे त्यांच्या तसबिरीस हार घालावा, सभा भरवावी व चार गौरवाचे शब्द बोलावे, ही रीत सर्वत्र आहे. रीत वाईट नाहीं. परंतु मृतांस हार दिसत नाहीं व भाषण ऐकूं येत नाहीं. मग हा सन्मान आपण कोणासाठीं करितों? ज्यांनीं बाळंतिणींचे प्राण वांचविण्यासाठीं आयुष्य वेंचिलें, त्यांच्या संबंधानें या प्रश्नाचा विचार करावा असें आम्हांस वाटतें.

डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ सालीं झाला. कोवळ्या वयांत त्यांस पुत्र झाला, व तो दहा दिवसांत गेला. पुढें त्या अमेरिकेस गेल्या, १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें वैद्यकाची पदवी मिळविली, व प्रबंधासाठीं प्रसूतीचाच विषय निवडिला. स्वदेशीं परतल्यावर थोड्याच महिन्यांनीं, १८८७ च्या फेब्रुवारींत, पुण्यास त्यांचा अंत झाला. वयास बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. त्यांनीं पाहिलेलें काम त्यांच्या हातून व्हावयाचें राहिलें. असें अपुरें काम हें मागें राहिलेल्यांवर ऋणच होय.

दुसरी गोष्ट आयडा स्कडर यांची. १८९४ च्या सुमारास तिंडिवनम येथें त्या आपल्या मिशनरी वडिलांच्या घरीं होत्या. एका रात्रीं तीन गृहस्थ एकामागून एक दारीं आले. तिघांच्याही बायका अडल्या होत्या. आयडाबाईंचे वडील डॉक्टर होते, परंतु परपुरुषास बाळंतिणीजवळ नेणें त्या तिघांसही रुचेना. आणि आयडाबाईंस तर वैद्यक येत नव्हतें. सकाळपर्यंत तिघीही मरण पावल्या. त्यानंतर त्या वैद्यक शिकल्या, आणि १९१८ सालीं वेल्लोर येथें स्त्रियांसाठीं वैद्यकशाळा उघडिली.

वाचकहो, ते तिघे पति निर्दय नव्हते. रात्रीं धांवत येणाऱ्या मनुष्यास प्रेम नाहीं असें कोण म्हणेल? तरी रीतीपुढें त्यांचें प्रेम हरलें. म्हणून नुसतें प्रेम पुरत नाहीं. ज्या रीतीनें प्राण जातो ती मोडण्याचें धैर्यही पाहिजे.

कोणी म्हणतात, "आमच्या आया शेतांतच बाळंत झाल्या, त्यांचें काय बिघडलें?" असें बोलणारा हा वांचलेल्या आईचा मुलगा असतो. ज्या वांचल्या नाहींत त्यांची साक्ष कोण देणार? दुसरे म्हणतात, "मरण देवाच्या हातीं." मग बैल आजारी पडला असतां आपण गुरांच्या डॉक्टरकडे कां धांवतों? बैलासाठीं जो उपाय श्रद्धेच्या आड येत नाहीं, तो सुनेसाठीं कसा येईल?

विसांवा हाही उपायच आहे. १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत कामकरी स्त्रियांच्या प्रसूतिभत्त्याचें बिल आलें, तेव्हां डॉक्टर आंबेडकरांनीं त्यास पाठिंबा दिला. आईस मिळालेला विसांवा राष्ट्राच्या हिताचा आहे, म्हणून त्याचा भार तिच्या एकटीवर पडूं नये, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. १९२९ सालीं तो कायदा झाला. १९६१ सालीं सर्व देशासाठीं झाला. आणि २०१७ सालीं पहिल्या दोन मुलांच्या वेळीं रजा २६ आठवड्यांची झाली. परंतु रोजंदारीनें खुरपणीस जाणाऱ्या बाईचें नांव बहुधा कोणाच्या हजेरीपटावर नसतें. ऊसतोडीस नवराबायको मिळून एक कोयता धरितात. ती घरीं बसली तर खाडा पडतो. म्हणून पोटुशी बाईही मोळी उचलिते. कायदा जेथें पोहोंचत नाहीं, तेथें शेजाऱ्याचें कर्तव्य सुरू होतें.

तर सभा अवश्य भरवा. पण उठण्यापूर्वीं इतकें विचारा: आपल्या वाडींत कोणास दिवस गेले आहेत? तिचें नांव आशाताईकडे नोंदलें आहे काय? रात्रीं कळा सुरू झाल्या तर गाडी कोण काढील? शेवटल्या महिन्यांत तिचें पाणी कोण भरील? खाडा पडला तर घरांत धान्य कोण पोहोंचवील? उपदेशकांनीं हे प्रश्न पुरुषांच्या बैठकींत विचारावे, कारण गाडी व पैसा बहुतकरून त्यांच्याच हातीं असतो.

ज्यांचें ऋण आहे ते निघून गेले. त्यांस तें परत देतां येत नाहीं. तें शेजारच्या घरीं जी बाळंतीण होणार आहे, तिलाच दिलें पाहिजे. ती सुखरूप सुटली व तिचें मूल रडलें, तर मृतांचा सन्मान झाला असें आम्ही समजूं.