खोटे, अनृत आणि द्रोह

मराठीत ‘खोटे’ हा शब्द नाण्यालाही लागतो आणि वचनालाही. ज्याच्या धातूत खोट आहे ते नाणे खोटे; जे वस्तुस्थितीशी जुळत नाही ते वचन खोटे. परंतु खोटे नाणे पुढे करणारे दोन प्रकारचे असतात. एकास ते खोटे असल्याचे ठाऊक असते. दुसऱ्यास ते कोणाकडून तरी आलेले असते व तो ते खरे समजूनच पुढे देतो. नाणे दोघांचेही खोटे, पण दोष सारखा नाही. वाणीच्या बाबतीत मात्र हा भेद नित्य विसरला जातो. वृद्ध साधूने स्मरणावरून सांगितलेला एखादा शक चुकीचा निघाला की ‘बाबा खोटे बोलले’ असे सहज म्हटले जाते. उलट, शब्दशः खरे बोलून दुसऱ्यास फसविणारा ‘मी कोठे खोटे बोललो?’ असे विचारून निर्धास्त राहतो. पहिल्यावर अन्याय होतो आणि दुसरा सुटतो. म्हणून असत्याचा दोष नेमका कोठे राहतो, हे शब्दांच्या मुळाशी जाऊन पाहणे अगत्याचे आहे.

‘असत्य’ या शब्दात ‘सत्’ म्हणजे असणे आहे. तेव्हा असत्य म्हणजे जे नाही त्याचे कथन. ‘अनृत’ म्हणजे ऋताच्या, विश्वाच्या सुव्यवस्थेच्या, विरुद्ध असलेले. या दोन्ही शब्दांची दृष्टी वस्तूकडे आहे, बोलणाऱ्याच्या हेतूकडे नाही. ग्रीक भाषेतील ‘प्स्यूडोस’ हा शब्दही असाच आहे. त्यात नकळत झालेली चूक आणि जाणूनबुजून केलेली लबाडी दोन्ही सामावतात. त्यातून कोणता अर्थ घ्यावयाचा ते संदर्भावरूनच ठरते.

लॅटिन भाषेत खोटे बोलणे या अर्थी ‘मेंतिरी’ हे क्रियापद आहे. त्याचा संबंध ‘मेन्स’ म्हणजे मन या शब्दाशी जोडला जातो, आणि ‘मेन्स’ व आपला ‘मनस्’ हे एकाच कुळातले. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील निगिडियस फिगुलस या रोमन पंडिताने केलेला एक विवेक औलुस गेल्लियसच्या ग्रंथात नोंदलेला आहे. त्याचा आशय असा की, जो लबाडी करतो तो स्वतः फसलेला नसतो, दुसऱ्यास फसवू पाहतो. जो केवळ असत्य सांगतो तो स्वतःच फसलेला असतो. पुढे १९८१ मध्ये लिंडा कोलमन व पॉल के या अमेरिकन भाषाभ्यासकांनी आठ लहान गोष्टी लोकांपुढे ठेवून, त्यांतील कोणते बोलणे लबाडीचे, असे विचारले. लोकांच्या निर्णयात सर्वांत अधिक वजन पडले ते बोलणाऱ्यास आपले वचन असत्य वाटत होते की नाही, या गोष्टीचे. त्याखालोखाल फसविण्याच्या हेतूचे. आणि वचन प्रत्यक्षात असत्य होते की नव्हते, याचे सर्वांत कमी. म्हणजे शब्द वस्तूकडे पाहणारा असो वा मनाकडे, न्याय करताना माणूस मनाकडेच पाहतो.

याहून खोल जाणारा शब्द इराणात सापडतो. बेहिस्तून येथील कड्यावर दारयवहु, म्हणजेच दारियस, या सम्राटाने इ. स. पू. ५२० च्या सुमारास तीन भाषांत लेख कोरविला. राज्यात बंडे का झाली याचे कारण तो एका शब्दात देतो: ‘द्रौग’, म्हणजे असत्य. बंडखोरांची नावे घेताना, हा खोटे बोलला, मी अमुक राजपुत्र आहे असे म्हणाला, असे तो एकेकाविषयी लिहितो. ही जेत्याने दिलेली दूषणे असल्याने इतिहासकार त्यांविषयी साशंक आहेत. पण शब्द मोलाचा आहे. त्याचेच पुढचे रूप फारसीतील ‘दरोग’, आणि त्याचा संस्कृतातील सख्खा भाऊ ‘द्रुह्’ हा धातू, ज्यापासून ‘द्रोह’ झाला. एकाच मुळापासून एका भाषेत खोटेपणाचा आणि दुसरीत विश्वासघाताचा शब्द निघाला. ज्याने विश्वास टाकला त्याच्याशी केलेले वैर, हाच असत्याचा गाभा आहे, असे या नात्यातून सुचते.

या कसोटीवर महाभारतातील दोन प्रसंग घासून पाहावेत. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होता; युधिष्ठिराच्या वाक्यात ‘हत्ती’ हा शब्दही होता, पण तो द्रोणाचार्यांस ऐकू जाणार नाही अशा रीतीने उच्चारलेला. आचार्यांनी त्यालाच विचारले, कारण हा खोटे बोलणार नाही असा त्यांचा विश्वास होता. नेमका तोच मोडला. जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला, असे व्यास सांगतात. ती युक्ती श्रीकृष्णचक्रवर्तींची होती, हे खरे. परंतु ईश्वराची लीळा ही जीवाने आपल्या कपटास दाखला म्हणून घ्यावयाची नसते. दुसरा प्रसंग कर्णपर्वातील कौशिक ब्राह्मणाचा. सत्यवचनाचे व्रत घेतलेल्या त्याने, लपलेली माणसे कोठे आहेत ते दरोडेखोरांस सांगितले. ती मारली गेली आणि तो नरकास गेला. त्याने कोणास फसविले नाही, पण जे त्याच्या आसऱ्याने दडले होते त्यांचा घात केला. श्रीकृष्ण तेथे सांगतात की, मौनाने सुटका होत असेल तर बोलूच नये. बोलणे अटळच झाले तर अशा वेळी अनृतही बरे. ही सवलत दुसऱ्याच्या प्राणासाठी आहे, आपल्या सोयीसाठी नाही.

यावरून न सांगणे आणि खोटे सांगणे यांतील भेदही उमगतो. महानुभाव पोथ्या सकळा, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या गेल्या. परक्यास त्या वाचता आल्या नाहीत. पण त्याच्या मनात काही खोटे भरविले गेले नाही. हे गोपन होय, द्रोह नव्हे. आणि चूक व लबाडी यांतील भेद म्हाइंभटांच्या कार्यात दिसतो. लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन त्यांनी त्या मिळविल्या. आणि लीळाचरित्रात, जेथे एकाची आठवण दुसऱ्याहून निराळी, तेथे तो भेद ज्याच्या त्याच्या नावासह नोंदलेला आढळतो. निराळे आठवले म्हणून कोणास लबाड ठरविलेले नाही.

तेव्हा साधकाने दोन गोष्टी जपाव्यात. दुसऱ्याचे बोलणे चुकीचे निघाले तर ‘खोटे बोलला’ म्हणण्यापूर्वी, त्याला ते ठाऊक होते काय, असे विचारावे. आणि स्वतः बोलताना, माझे शब्द खरे आहेत ना, एवढ्यावर थांबू नये. माझ्यावर विश्वासलेला हा मनुष्य त्यांतून काय घेऊन जाईल, ते पाहावे. पहिला प्रश्न दुसऱ्यासाठी, दुसरा आपल्यासाठी. बहुधा यांची अदलाबदल होते, आणि तेथेच वाणी नासते.