कारागीर राजी, म्हणून मालक मोकळा?



नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना निफाड तालुक्यात विंचूर हे गाव लागते. येथील औद्योगिक वसाहतीत वाइन पार्क आहे. मद्य श्रद्धावंतांसाठी निषिद्ध आहे, हे सांगण्यास कोणा विद्वानाची गरज नाही. आपण त्या दिशेकडे पाठ फिरवतो आणि आपले मन निश्चिंत होते. त्याच रस्त्याने पुढे गेल्यावर येवला लागते. तेथील एका गजबजलेल्या चौकाला विंचूर चौफुली असेच म्हणतात. येवला हे पैठणीचे गाव. रेशीम आणि सोने इस्लामने पुरुषांना वर्ज्य केले असले, तरी स्त्रियांना त्यांची मोकळीक दिली आहे. म्हणून पैठणी खरेदी करताना आपल्या मनात शंका येत नाही. पण वस्तू हलाल असली, म्हणजे ती घडविण्याची रीतही हलाल ठरते काय? या प्रश्नाचा आपण क्वचितच विचार करतो.

पैठणी कशी तयार होते ते पाहा. विणकर मागावर तासन्‌तास वाकून बसतो. पदरावरील मोर, मुनिया, वेलबुट्टी छापलेली नसते. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी हाताने फिरवून, केसासारखे बारीक धागे एकमेकांत अडकवून ती नक्षी उठवावी लागते. साध्या पैठणीला काही आठवडे, तर भरगच्च पदराच्या पैठणीला कित्येक महिने लागतात. या सर्व काळात नजर एका वितीच्या जागेवर खिळलेली असते. मान, पाठ आणि मनगटे सारखी ताणलेली असतात. त्याआधी रेशीम सोडा-साबणाच्या उकळत्या पाण्यातून काढावे लागते, मग रंगवावे लागते. तेथे हातांना चटके बसतात आणि श्वासात वाफ जाते. लाखाच्या घरात किंमत जाणाऱ्या वस्त्रामागे असे एक झिजणारे शरीर असते.

यावर एक उत्तर ठरलेले असते: “आम्ही कोणावर जबरदस्ती केलेली नाही. कारागीर स्वखुशीने बसतो. नगावर मजुरी आहे, जितके जास्त बसेल तितके जास्त कमवील.” हे म्हणणे वरवर न्याय्य वाटते. व्यवहारात उभयतांची संमती असावी, ही तर कुरआनचीच आज्ञा आहे.

परंतु ती आज्ञा ज्या आयतीत आली आहे, ती पूर्ण वाचावी (कुरआन, ४:२९). तेथे परस्परांच्या संमतीने व्यापार करण्यास सांगितल्यावर लगेच आपल्या जिवाचा घात करण्यास मनाई केली आहे. संमती आणि जीविताची सुरक्षितता यांचा उल्लेख एकाच आयतीत आहे. यावरून हे स्पष्ट होते की संमती ही व्यवहाराची आवश्यक अट आहे, पण एकमेव अट नव्हे. व्याजाचेच उदाहरण घ्या. देणारा व घेणारा दोघेही राजी असले, तरी व्याज हलाल होत नाही. मग गरजेपोटी दिलेल्या होकाराने एखाद्याची दृष्टी विकत घेणे कसे हलाल होईल?

याचे मूळ कारण असे की शरीर ही माणसाची मालमत्ता नाही. ती अल्लाहची अमानत आहे. माननीय अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) दिवसा सतत रोजे ठेवीत आणि रात्रभर उपासना करीत. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना समजावले की शरीराचा तुमच्यावर हक्क आहे आणि तुमच्या डोळ्यांचाही तुमच्यावर हक्क आहे (हदीस : बुखारी). विचार करा, उपासनेसाठीही जो हक्क बुडविता येत नाही, तो पदरावरच्या मोरासाठी बुडविता येईल काय? जी वस्तू कारागिराचीच नाही, ती तो विकू शकत नाही. आणि जी तो विकू शकत नाही, ती मालक विकतही घेऊ शकत नाही.

मालकाने कसे असावे, याचा आदर्श कुरआनने माननीय मूसा (अलै.) यांच्या कथेत दिला आहे. मदयनच्या वयोवृद्ध गृहस्थांनी त्यांना आठ वर्षांसाठी कामावर ठेवले. मूसा (अलै.) तेव्हा परदेशात, निराधार होते, कोणतीही अट त्यांनी मान्य केली असती. तरीही त्या गृहस्थांनी करार करतानाच स्वतःहून सांगितले की त्यांना कष्टात टाकण्याची आपली इच्छा नाही (कुरआन, २८:२७). मजुराने मागण्यापूर्वीच मालकाने दिलेले हे अभय आहे. प्रेषितांनीही (स.) हाताखालच्या माणसांना भाऊ म्हटले, त्यांच्या शक्तीपलीकडचे काम लादू नये आणि लादलेच तर स्वतः हातभार लावावा, अशी ताकीद दिली (हदीस : बुखारी). पाचव्या हिजरी शतकातील विद्वान अल-मावर्दी यांच्या मते, जहाजावर बेसुमार माल लादणाऱ्याला रोखणे हे मुहतसिबचे, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचे, कर्तव्य आहे. जहाजावरील लोक राजी आहेत की नाहीत, यावर ते कर्तव्य अवलंबून नाही.

“नशिबात असेल ते होईल,” असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की प्रेषितांनी (स.) उंट आधी बांधण्यास आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवण्यास शिकविले (हदीस : तिर्मिजी). मागावर पुरेसा उजेड, वेळच्या वेळी डोळ्यांची तपासणी व चष्मा, पाठीला आधार, रंगाच्या भट्टीवर हातमोजे आणि वारा खेळण्यास जागा, नमाजच्या वेळी उठून पाय मोकळे करण्याची सवड, हेच येथे उंट बांधणे होय. पैठणीच्या किमतीपुढे हा खर्च तो किती!

१९४८ चा कारखाने अधिनियम मुळात विजेवर चालणाऱ्या १० कामगारांच्या व विजेविना चालणाऱ्या २० कामगारांच्या जागेला लागू झाला. घरातल्या दोन-चार मागांपर्यंत असा कायदा पोहोचत नाही. तेथे वडीलच मालक असतात आणि मुलगा-सूनच कारागीर. म्हणून तेथे ईशभयाची गरज अधिक आहे. प्रत्येकजण राखणदार आहे आणि आपल्या हाताखालच्यांबद्दल प्रत्येकाला जाब विचारला जाईल, ही हदीस कारखानदाराइतकीच कुटुंबप्रमुखालाही लागू आहे.

आणि आपण ग्राहक? लग्नाची तारीख जवळ आली म्हणून आपण घाई करतो, किमतीत घासाघीस करतो. त्या घाईचा आणि घासाघिशीचा भार अखेर मागावरच्या डोळ्यांवर पडतो. यापुढे पैठणी घेताना रंग आणि जर पाहाल, तेव्हा एवढे अवश्य विचारा की ती विणणाऱ्याला उजेड, विश्रांती आणि पुरेशी मजुरी मिळाली काय. उघड हरामकडे पाठ फिरविणे सोपे आहे. हलाल वस्तूत लपलेला अन्याय ओळखणे, हीच श्रद्धेची खरी कसोटी आहे.

अल्लाह आम्हा सर्वांना मजुराचा घाम आणि त्याची दृष्टी या दोहोंचा हक्क ओळखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.