भीतीची हौस

भीती ही टाळावयाची गोष्ट. मग पदरचे पैसे मोडून माणूस ती विकत का घेतो? प्रश्न जुनाच आहे. भरताने आठ रसांत भयानकाची गणना केली. अभिनवगुप्ताने त्याचे उदाहरण म्हणून शाकुंतलातले हरीण घेतले, दुष्यंताच्या बाणापुढे जीव घेऊन धावणारे. हे भय त्या एका हरणाचे उरत नाही आणि प्रेक्षकाचेही होत नाही, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. एम. ए. ला शिकलेल्या या उत्तरावर मी आजवर निर्धास्त होतो.

गेल्या दिवाळीत भाचा सुटीला आला. त्याला भयाच्या व्हिडिओ गेमचा नाद. नुसत्या रक्तपाताचे खेळ त्याला आवडत नाहीत. ‘‘गोळ्या मुबलक झाल्या की भीती संपते, मामा,’’ तो म्हणाला. १९९६ चा जपानी ‘रेझिडेंट ईव्हिल’ त्याला प्रिय, कारण त्यात गोळ्या मोजक्या आणि खेळ जपून ठेवायचा तर टाइपरायटरची रिबीनही शोधावी लागते. २०१० च्या ‘ॲम्नेशिया’त तर हाती शस्त्रच नाही, अंधारात लपावे, तर अंधारानेच नायकाचे मन ढळू लागते. पण त्याचा सर्वांत आवडता खेळ ‘सायलेंट हिल २’. मूळ २००१ चा. २०२४ मध्ये तो नव्याने घडवला गेला. तीन रात्री मी त्याच्या शेजारी बसून तो पाहिला.

जेम्स नावाच्या गृहस्थाला मृत पत्नीचे पत्र येते. तिला शोधत तो धुक्याने भरलेल्या गावात हिंडतो. शेवटी उलगडते ते असे की, दीर्घकाळ आजारी असलेल्या पत्नीचा जीव त्यानेच उशी दाबून घेतला होता आणि ती आठवण मनाआड लोटली होती.

याहून मला अस्वस्थ केले ते खेळाच्या शेवटाने. शेवट अनेक आहेत. कोणता वाट्याला येईल, हे खेळणाऱ्याच्या वागण्यावर ठरते. जखम झाल्यावर त्याने उपचार केला की तसेच रेटले? पत्नीचा फोटो काढून पाहिला का? खेळ हे सारे मुकाट टिपून घेतो. त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. आम्ही शाळेत उत्तरपत्रिका तपासतो. इथे मात्र ज्याला आपण उत्तर समजलोच नव्हतो, तेच तपासले जाते.

अभिनवगुप्ताचा प्रेक्षक रिकाम्या हाताने बसलेला असतो. इथे हात गुंतलेला असतो. भय परके राहत नाही. ज्या खेळात मारणे हीच करमणूक, तिथे हा गुंतलेला हात निबर होईल, ही पालकांची धास्ती मला खोटी वाटत नाही. पण काही खेळ त्याच हाताला त्याचा हिशेब दाखवतात, हेही खरे.

तिसऱ्या रात्री खेळ संपल्यावर भाचा सहज म्हणाला, ‘‘आजीची तुम्ही किती सेवा केलीत! आई नेहमी सांगते.’’

माझी आई चौदा महिने अंथरुणाला खिळून होती. सेवा मी केली, हे खरे. एका पहाटे तिच्या खोलीच्या दाराशी उभा राहून मी मनाशी म्हणालो होतो, ‘‘आता सुटावी.’’ तिच्या यातना संपाव्यात असे वाटत होतेच. पण मलाही सुटायचे होते. विचार म्हणजे कृत्य नव्हे, हे मी जाणतो. जेम्सच्या पंक्तीला मी बसत नाही. परंतु पुढे जेव्हा जेव्हा कोणी सेवेचे कौतुक केले, तेव्हा ती पहाट गाळून मी ते स्वीकारले.

माणूस भीती का विकत घेतो, याचे एक उत्तर कदाचित हे असेल : राक्षसाच्या निमित्ताने तो त्या दाराशी जाऊन येतो.

‘‘मामा, भीती वाटली का?’’ भाच्याने विचारले होते. ‘‘वाटली,’’ एवढेच मी म्हणालो. कसली, ते यंदा लिहितो आहे. हा अंक त्याला आणि बहिणीला पाठवणार आहे.