जरा थांबावं

थायलंडमधल्या एखाद्या खेड्यातल्या शाळेत पत्र्यावर पाऊस कोसळू लागला, की शिक्षकाचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचत नाही. खडू सादळतो. वह्यांची पानं चिकटतात. परदेशातून आलेला नवा शिक्षक घसा ताणतो, चिडतो. मुलं मात्र शांत बसतात. जरा थांबावं, हे त्यांना ठाऊक असतं.

आपणही जरा थांबावं. परक्या घरी जाताना चपलांसारखी आपली घाईही दाराबाहेर काढून ठेवावी. मग तिथली माणसं दिसू लागतात.

तिथं पावसाळ्याच्या सुरुवातीला गुरुवंदनेचा दिवस असतो, बहुधा गुरुवारीच. मुलं गुडघ्यांवर बसून शिक्षकांना फुलं देतात. त्यात वांग्याचं फूल असतं, नम्रतेनं खाली वाकलेलं. आणि आपण गणपतीला वाहतो, ती दूर्वाही असते. किती मायेनं निवडलंय हे सगळं! दूर्वा भराभर पसरते, तशी विद्या पसरावी म्हणून.