तेच कोर्ट?

पॅरिसच्या रोलाँ गारोसवर 1928 पासून टेनिस खेळलं जातं. तिथलं लाल कोर्ट आजही 'तेच' आहे असं आपण सहज म्हणतो. पण तेच म्हणजे नेमकं काय? डोळ्यांना दिसते ती विटांची भुकटी जेमतेम एक-दोन मिलिमीटर. वाऱ्यानं उडते, बुटांना चिकटून जाते, पुन्हा पसरावी लागते. कोणी म्हणेल, भुकटी हे नुसतं वस्त्र. खरं कोर्ट खालच्या चुनखडीच्या थरात, देहात आत्मा असावा तसं. युक्तिवाद देखणा आहे, पण टिकत नाही. तो थरही ओलाव्यावरच तग धरतो, कोरडा पडला की सुटू लागतो, त्याचीही डागडुजी करावीच लागते. त्याखाली जळक्या कोळशाची खंगर, खडी, दगड. कितीही खणा, 'कोर्ट' नावाची वस्तू हाती लागत नाही. भिक्षू नागसेनानं मिलिंद राजाला रथाबद्दल हेच विचारलं होतं: चाक म्हणजे रथ, की आस?

मग कोर्ट नाहीच म्हणायचं? तो उतावळेपणा झाला. माझ्या मते त्याचं तेपण अखंड निगेत आहे: पाणी मारणं, रूळ फिरवणं, भुकटीवर जाळी ओढणं, रेघा झाडणं. पण निगा तर सगळ्याच मातीच्या कोर्टांची अशीच होते, मग हे त्यांच्याहून वेगळं कसं? आजचा हात इथं कालच्या हातानं सोडलेल्या जागेवरूनच काम उचलतो; ती साखळी दुसऱ्या कोर्टाची नसते. सामना चालू असतानाही ही निगा थांबत नाही. चेंडू आत की बाहेर, हे ठरवायला पंच खाली उतरून भुकटीतला वण पाहतो. सेट संपला की जाळी फिरते आणि तो वण पुसला जातो.