पेत्राच्या घराचे छप्पर



आज सामान्य काळातील तिसरा रविवार. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली हा रविवार देवशब्दाला वाहिला. आजच्या शुभवर्तमानात संत मत्तय सांगतो की, प्रभू येशू नाझरेथ सोडून सरोवराकाठच्या कफर्णहूम गावी येऊन राहिला. तिथेच त्याने जाळे टाकणाऱ्या पेत्राला व अंद्रियाला आणि जाळी नीट करत बसलेल्या याकोबाला व योहानाला हाक मारली.

आपल्या तरुणांकडून आम्हाला एक प्रश्न नेहमी ऐकायला मिळतो. "फादर, हे गाव खरोखर होते का? हे सगळे घडले का?" तारापूरच्या एमआयडीसीत नमुने तपासण्याचे काम करणाऱ्या मुलाने असे विचारावे यात नवल नाही. तपासल्याशिवाय मालाच्या कागदावर सही करायची नाही, हे त्याला कामावरच शिकवले जाते. काही वडीलधाऱ्यांना मात्र हा प्रश्न अश्रद्धेचा वाटतो व ते मुलांना गप्प बसवतात. आम्हाला तसे वाटत नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांच्याकडून आम्ही एक गोष्ट उचलली: बुद्धी देणारा आणि श्रद्धा देणारा देव एकच आहे, तेव्हा एक सत्य दुसऱ्या सत्याला खोटे पाडत नाही.

हाच विश्वास मनात धरून मारी-जोसेफ लाग्रांज हे डोमिनिकन धर्मगुरू यरुशलेमला गेले आणि १५ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांनी तिथे बायबलचे विद्यालय सुरू केले. जागा म्हणजे पूर्वीचा कत्तलखाना. भिंतींत जनावरे बांधायच्या कड्या तशाच होत्या. सामान काय, तर एक टेबल, एक फळा आणि एक नकाशा! पण लाग्रांज यांचा आग्रह असा की, बायबल केवळ खोलीत बसून शिकता येत नाही. वर्गात पाठ घ्यायचा आणि मग विद्यार्थ्यांना घेऊन त्या त्या ठिकाणी जायचे. डोंगर चढायचा, विहिरीत डोकावायचे, अंतर पायांनी मोजायचे.

आज होली लँडच्या सहली निघतात. लोक लाखभर रुपये वा अधिक खर्च करून जातात आणि यार्देन नदीचे पाणी व ऑलिव्हच्या लाकडाची रोझरी घेऊन येतात. त्यात काही वावगे नाही. यात्रेकरू प्रार्थनेला जातो. विद्यार्थी मात्र वहीत प्रश्न लिहून घेऊन जातो, आणि कधी कधी उत्तराऐवजी नवा प्रश्न घेऊन परततो.

तो कफर्णहूमला पोहोचला की त्याला काय दिसते? काळा दगड. सगळे गाव आपल्या सह्याद्रीसारख्याच काळ्या, ज्वालामुखीच्या दगडाचे. फ्रान्सिस्कन बंधूंनी ही जागा १८९४ साली विकत घेतली आणि १९६८ पासून फादर कोर्बो व फादर लोफ्रेडा यांनी तिथे उत्खनन केले. पाचव्या शतकातल्या एका अष्टकोनी चर्चच्या खाली त्यांना साधे घर सापडले. त्या घराच्या एकाच खोलीला पुन्हा पुन्हा चुन्याचा गिलावा दिलेला होता आणि त्या गिलाव्यावर यात्रेकरूंनी प्रार्थना कोरलेल्या होत्या. गरीब वस्तीत एकाच खोलीचा इतका मान का? पेत्राचे घर ते हेच, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. काहींना ते पुरेसे वाटत नाही.

आम्हाला त्या खोलीपेक्षा तिचे छप्पर अधिक शिकवते. चार जणांनी पक्षाघाती मनुष्याला छपरातून खाली सोडले, ही कफर्णहूममधली घटना तुम्हाला ठाऊक आहे. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात ते छप्पर उकरतात. लूकच्या पाचव्या अध्यायात कौले काढतात. मग खरे कोण? तिथल्या भिंती बिनघडीव दगडांच्या, चुन्याशिवाय रचलेल्या. त्यांच्यावर जड छप्पर टिकणार नाही. लाकडाचे वासे, त्यांच्यावर फांद्या आणि वर चोपलेली माती, असे ते छप्पर असायचे. म्हणजे ते खरेच उकरावे लागते. कारवीच्या कुडाला शेणामातीने लिंपलेले घर ज्यांनी पाहिले आहे, आणि आपल्या पाड्यांवर ते सर्वांनीच पाहिले आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. लूकचे वाचक ग्रीक शहरांतले, त्यांच्या डोक्यावर कौले. म्हणून तो त्यांना कळेल असे घर उभे करतो. दोघांचे छप्पर निराळे, पण त्या चौघांची धडपड आणि प्रभूची क्षमा तीच.

तसेच होडीचे. १९८६ साली दुष्काळात गालील सरोवराचे पाणी खूप खाली गेले आणि गिनोसारच्या दोघा मच्छीमार भावांना चिखलात एक जुनी होडी दिसली. सुमारे आठ मीटर लांब, सव्वादोन मीटर रुंद, पहिल्या शतकाच्या आसपासची. प्रभू याच होडीत बसला असे कोणी म्हणू नये. पण तिच्यात दहा-बारा जातींची लाकडे आहेत! फळी कुजली की मिळेल त्या लाकडाचा तुकडा बसवायचा, असे करत ती चालवलेली. सातपाटी किंवा दांडीला किनाऱ्यावर होडीची डागडुजी पाहणाऱ्याला तिच्या मालकाची परिस्थिती लगेच कळेल. पेत्र जाळी सोडून गेला, ते अशा संसारातून उठून.

आता अवघड भाग. विद्यार्थी यरीहोला जातो. यहोशवाच्या पुस्तकात कर्णे वाजतात आणि तट कोसळतो. कॅथलीन केनियन या विदुषीने १९५२ ते १९५८ या काळात तिथे खणले. त्यांना जो मोठा विध्वंस सापडला तो त्यांच्या हिशेबाने इ.स.पू. १५५० च्या सुमाराचा, म्हणजे यहोशवाचा काळ सामान्यतः मानतात त्याच्या फार आधीचा. त्याच्या काळात तिथे मोठे तटबंदीचे शहर होते असा पुरावा त्यांना मिळाला नाही. तिथे उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या पोटात गोळा येतो. काही जण पुस्तक मिटतात, काही जण केनियनबाईंना खोटे ठरवायला निघतात. चर्च यातले काहीच करायला सांगत नाही. १९६५ च्या द्वितीय व्हॅटिकन परिषदेने देवशब्दाविषयीच्या दस्तऐवजात म्हटले आहे की, लेखकाने कोणत्या प्रकारे लिहिले, इतिहास, काव्य की आणखी काही, हे आधी पाहा. आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य सांगायचे होते ते बायबल अचूक सांगते. गुलामगिरीतून आलेल्या लोकांना भूमी मिळाली ती तलवारीच्या बळावर नव्हे, देवाची देणगी म्हणून, हे यहोशवाचे पुस्तक सांगते. कुदळीला ते सापडणार नाही आणि कुदळ ते पुसूही शकत नाही.

हे मान्य व्हायला वेळ लागला. लाग्रांज यांच्यावर संशय घेतला गेला, १९१२ साली त्यांना काही काळ यरुशलेम सोडावे लागले. ते निमूटपणे गेले, परत आले आणि पुन्हा शिकवू लागले. १९३८ साली ते वारले. पोप बारावे पायस यांनी अशा अभ्यासाला उघड प्रोत्साहन दिले ते १९४३ मध्ये.

आपल्या वसई धर्मप्रांतातले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी देवाघरी गेले. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला हे सर्वांना माहीत आहे. पण 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' हे त्यांचे पुस्तकही घरोघरी असावे. त्यात दगडांबरोबर तिथली माणसे आहेत, यहुदी आणि पॅलेस्टिनी, दोघेही. १७ जुलै २०२५ रोजी गाझातल्या पवित्र कुटुंबाच्या कॅथलिक चर्चवर तोफगोळा पडला आणि आसऱ्याला आलेल्यांपैकी तिघे मरण पावले. याच धर्मग्रामाला पोप फ्रान्सिस अखेरपर्यंत जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करीत. बायबलच्या भूमीचा नकाशा उघडणाऱ्या विद्यार्थ्याने गाझावरही बोट ठेवावे. शमशोन ज्या वेशीचे दरवाजे खांद्यावर घेऊन गेला ती हीच गाझा.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आपण चर्चमध्येच तासभर बसू. घरचे बायबल आणा. मार्कचा दुसरा आणि लूकचा पाचवा अध्याय शेजारी शेजारी वाचायचे आहेत. प्रश्न कागदावर लिहून आणले तरी चालतील, नाव घालण्याची गरज नाही.