देहाची साक्ष कोणाची?

मनुष्य आपले मन दुसऱ्यापुढे उघडे करतो, तेव्हा तो नेमके काय उघडे करतो? आम्हां बदलीच्या नोकरदारांचा अनुभव असा की, नव्या गावी मराठी शेजारी भेटला की तासाभरात त्याचे मूळ गाव, हुद्दा, मुलांची शिक्षणे सारे कळते, आणि तरीही अंतर तसूभर कमी होत नाही. वृत्तांत कळतो, मनुष्य कळत नाही.

समूहचिकित्सेत हाच प्रश्न निकडीचा होतो. आठदहा दुःखी माणसे वर्तुळात बसतात आणि प्रत्येकजण आपली कहाणी सांगतो. ती बहुधा पुनःपुन्हा सांगून गुळगुळीत झालेली असते. अर्विन यालोम यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात भर दिला तो या क्षणी, या खोलीत परस्परांविषयी काय वाटते आहे यावर. शिकागो विद्यापीठातील यूजीन जेंडलिन आणखी खोल उतरले. चिकित्सेच्या ध्वनिमुद्रणांवरून त्यांना दिसले की, ज्यांना गुण येतो ते अस्खलित बोलत नाहीत. ते थांबतात, छातीत वा पोटात दाटलेल्या अस्पष्ट जाणिवेला शब्द शोधतात, न जुळणारा टाकून देतात. जुळणारा सापडला की श्वास मोकळा होतो. ‘तुम्ही बोलू लागलात आणि माझ्या गळ्याशी आवंढा आला,’ असे कोणी म्हणाला की ऐकणाऱ्याला सल्ला देण्याची सोय उरत नाही. कहाणीवर वाद घालता येतो. आवंढ्यावर घालता येत नाही. जवळीक येते ती इथे.

परंतु आमच्या मते नीतीचा प्रश्नही इथेच उभा राहतो. देह खोटे बोलत नाही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. नसेल बोलत, त्याचा अर्थ लावणारा मात्र चुकू शकतो. ‘तुमची मूठ वळली आहे, अर्थात तुम्ही रागावला आहात,’ असे गटाचा नेता सांगतो, तेव्हा तो साक्षीदाराच्या तोंडी स्वतःची साक्ष घालतो. (साहेबांपुढे हात बांधून उभ्या असलेल्या कारकुनाच्या मनात आदरच असतो, असे थोडेच आहे!) लिबरमन, यालोम आणि माइल्स यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांच्या अशा गटांची पाहणी १९७३ साली प्रसिद्ध केली. भावना बळेच उपसणाऱ्या आक्रमक नेत्यांच्या गटांत मानसिक इजा अधिक आढळली. आणि हे नेते निष्प्रभ नव्हते, चांगले वजनदार होते.

देहातील जाणिवेला शब्द देण्याचा पहिला हक्क ज्याचा त्याचा, आणि न देण्याचाही. ‘काही जाणवते आहे, पण आज सांगणार नाही,’ असे म्हणणारा समूहाबाहेर राहिला, असे आम्ही मानत नाही. त्याला तसेच बसू द्यावे, आणि नेत्याने पुढच्याकडे वळावे.